घर दोनशे यार्डांवर

टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या दक्षिणेला वीसेक मैलांवर फ्रँकलिन नावाचं गाव आहे. तिथल्या कार्टरांच्या घरामागे एक छोटी लाकडी खोली अजून उभी आहे. शेताचे हिशेब ठेवायची खोली, आपल्याकडच्या वाड्यात दिवाणजी बसायचे तशी. तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीला इतकी भोकं आहेत, की पहिल्या नजरेला फळ्यांना वाळवी लागली असावी असं वाटतं. ती भोकं बंदुकीच्या गोळ्यांची आहेत आणि सगळी एकाच संध्याकाळची आहेत. तारीख ३० नोव्हेंबर १८६४, वार बुधवार. ही खोली, विटांचं राहतं घर आणि मांस धुरी देऊन टिकवायची कोठी, अशा तिन्ही इमारती धरल्या तर भोकांचा आकडा हजाराच्या वर जातो.

त्या संध्याकाळी घराखालच्या तळघरात सदुसष्ट वर्षांचे फाउंटन ब्रांच कार्टर लेकी, सुना आणि नातवंडांसह बसले होते. त्यांचा थोरला मुलगा मॉस्को त्यांच्याजवळ होता. दुसरा मुलगा फ्रान्सिस मधल्या काळात जखमी होऊन फौजेतून सुटला होता. आणि तिसरा, चोवीस वर्षांचा टॉड, त्याच वेळी बाहेर होता. दक्षिणेच्या फौजेतून, घोड्यावर बसून, तो आपल्या बापाच्या शेतातून आपल्या बापाच्या घरावर चाल करून येत होता.

अमेरिकेच्या यादवी युद्धात भावाभावांच्या गोष्टींना तोटा नाही. खुद्द लिंकन यांच्या पत्नीचे तीन सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले आणि त्यांतले दोघे मेले. गेटिसबर्गचा वेस्ली कल्प दक्षिणेच्या फौजेतून आपल्याच गावावर चालून गेला आणि तिथेच पडला. त्याचा सख्खा भाऊ उत्तरेच्या फौजेत होता. कार्टर बंधूंमध्ये असली फूट नव्हती. तिघेही एकाच बाजूचे, एकाच पलटणीचे. टॉडची गोष्ट अमेरिकेत दीडशे वर्षं 'घरी परतलेला मुलगा' म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतंच. माझ्याही आलं. पण ते पुसल्यावर मला मॉस्कोबद्दल जास्त कुतूहल वाटू लागलं, आणि त्याहीनंतर त्या घरातल्या ज्यांची कुणी गोष्टच केली नाही त्यांच्याबद्दल.

१८६१ च्या फेब्रुवारीत टेनेसीच्या मतदारांनी फुटून निघण्याचा प्रस्ताव फेटाळला होता. एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या, लिंकन यांनी सैनिक मागवले आणि वारं फिरलं. ८ जूनच्या मतदानात राज्य दक्षिणेला मिळालं. पोरं त्याआधीच भरती व्हायला लागली होती. तेव्हाची भरती गावकीची असे. शंभरेक पोरांची एक कंपनी, तिचा कप्तान गावातलाच, पोरांनीच निवडलेला. वकील, सुतार, शेतकऱ्याची पोरं, मेहुणे, चुलतभाऊ एकाच रांगेत. त्यामुळे एखाद्या लढाईत कंपनी कापली गेली, की एका दुपारी सबंध गाव सुतकात जाई. अशीच फ्रँकलिनच्या पोरांची एक कंपनी टेनेसीच्या २० व्या पायदळ पलटणीत गेली आणि तिच्याबरोबर कार्टरांचे तिघे मुलगे.

मॉस्को तेव्हा पस्तिशीचा होता. तरुणपणी मेक्सिकोच्या युद्धात लढून आलेला, त्यामुळे पोरांत मान. बायको नुकतीच वारलेली, घरात चार लहान मुलं. तरीही तो गेला आणि पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १९ जानेवारी १८६२ ला केंटकीत फिशिंग क्रीकजवळ या पलटणीची पहिली मोठी लढाई झाली. धो धो पाऊस होता, आणि पोरांच्या हातात गारगोटीच्या जुन्या बंदुका. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी रंजकावर पडायची आणि बार उडायचा. रंजकच भिजलं तर पुढे काय? कित्येकांनी पुन्हा पुन्हा चाप ओढून पाहिला आणि शेवटी संतापून बंदूक झाडावर आपटून मोडली. त्यांचे सेनापती झॉलिकॉफर यांची नजर अधू. धुक्यात ते चुकून शत्रूच्याच अधिकाऱ्याजवळ घोडा घेऊन गेले आणि गोळी लागून पडले. दाणादाण उडाली. मॉस्को कैद झाला.

पुढे तो पॅरोलवर घरी आला. आपल्याकडे पॅरोल म्हटलं की तुरुंगातून रजेवर सुटलेला कैदी डोळ्यांपुढे येतो. इथे त्याचा अर्थ वेगळा होता. रीतसर अदलाबदल होईपर्यंत पुन्हा शस्त्र हाती घेणार नाही, असा शब्द देऊन सुटायचं. शब्दावर माणसं सोडायची ही जुन्या काळची रीत त्या युद्धात काही काळ टिकली आणि मग मोडली. दक्षिणेने उत्तरेच्या काळ्या सैनिकांना कैद्याचा दर्जाच नाकारला, हे ती मोडण्यामागचं एक मोठं कारण. मॉस्को मात्र शब्दाला बांधलेला. म्हातारा बाप, बहिणी, आईवेगळी मुलं आणि शेत सांभाळत तो घरात राहिला. त्याच्या दारावरून शत्रूच्या तुकड्या ये-जा करत होत्या, कारण नॅशव्हिल फेब्रुवारी १८६२ मध्येच उत्तरेच्या ताब्यात गेलं होतं आणि नंतर फ्रँकलिनमध्येही त्यांनी किल्ला बांधला.

फ्रान्सिसची हकिगत दोन ओळींत संपते. एप्रिल १८६२ मध्ये शायलोला दोन दिवस लढाई झाली, दोन्ही बाजूंची मिळून तेवीस हजारांवर माणसं जखमी, ठार किंवा बेपत्ता झाली. फ्रान्सिस त्यांतल्या जखमींपैकी एक. जखम जबर होती.

राहिला टॉड. पूर्ण नाव थिओड्रिक. याच घरात २४ मार्च १८४० ला जन्मलेला, वकिली शिकलेला, आणि हातात लेखणी असलेला. चॅटनूगाच्या 'डेली रेबेल' या दैनिकात तो छावणीतून वार्तापत्रं लिहायचा, तीही 'मिंट ज्यूलेप' या टोपणनावानं. मिंट ज्यूलेप म्हणजे बर्बन व्हिस्की, साखर आणि पुदिना घातलेलं दक्षिणेतलं लाडकं पेय. मराठी वार्ताहरानं 'पन्हं' किंवा 'नीरा' नावानं रणांगणावरून बातम्या धाडाव्यात, तशातला हा प्रकार. एवढ्या एका नावावरून तो पोरगा कसा असेल याचा अंदाज येतो.

पलटण फिरत होती. मर्फ्रिसबरो, मग सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगा, मग चॅटनूगाजवळचा मिशनरी रिज. तिथे २५ नोव्हेंबर १८६३ ला टॉड पकडला गेला. त्याला ईरी सरोवरातल्या जॉन्सन्स आयलंडवर पाठवलं. हा तुरुंग खास दक्षिणेच्या अधिकाऱ्यांसाठी होता, आणि टेनेसीच्या पोरांना तिथल्या हिवाळ्याची कल्पनाच नसायची. फेब्रुवारी १८६४ मध्ये काही कैद्यांना आगगाडीनं दुसरीकडे हलवत होते. पेनसिल्वेनियात रात्रीच्या वेळी धावत्या गाडीच्या खिडकीतून टॉडनं बाहेर उडी टाकली. शत्रूच्या मुलखातून लपतछपत, शेकडो मैलांचा फेरा घालून तो जॉर्जियात डाल्टनला पोचला. तिथे त्याची फौज होती.

पळून आलेला कैदी आधी घरी जाईल असं आपल्याला वाटतं. पण घर शत्रूच्या हद्दीत. तिथे जाणं म्हणजे पुन्हा तुरुंग. तीन वर्षं होत आली होती, त्यानं घर पाहिलं नव्हतं.

इथे जरा थांबून कार्टरांच्या शेताकडे पाहायला हवं. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे त्यांचं कापसाचं जिन होतं. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला जिन म्हणजे काय हे सांगायला नको. सरकी आणि रुई वेगळी करणारं हे यंत्र १७९३ मध्ये अमेरिकेत निघालं. त्यानं कापसाची शेती इतकी फायद्याची करून टाकली, की मरू घातलेली गुलामगिरी दक्षिणेत उलट फोफावली. वेचणी हातानंच व्हायची, आणि ते हात विकत घेतलेले असायचे. युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, लिव्हरपूलला कापूस मिळेना आणि गिऱ्हाईक मुंबईकडे वळलं. कापसाचे भाव कैक पटींनी चढले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांतून, मिळेल तिथे रेल्वेतून मुंबईला लोटू लागला. प्रेमचंद रायचंद आणि शेअरबाजाराचं ते वेड, समुद्र बुजवायच्या कंपन्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच झालेली वाताहत, हे सगळं आपण मुंबईच्या इतिहासात वाचतो. त्याचं दुसरं टोक फ्रँकलिनसारख्या गावांत होतं. मुंबईचे दलाल नोटा मोजत होते तेव्हा कार्टरांचं जिन जवळजवळ बंदच असणार.

१८६४ च्या शरद ऋतूत दक्षिणेचे सेनापती जॉन बेल हूड अटलांटा गमावून टेनेसीकडे वळले. गेटिसबर्गला त्यांचा डावा हात निकामी झाला होता, चिकमॉगाला उजवा पाय मांडीपासून गेला होता, आणि घोड्यावर त्यांना पट्ट्यांनी बांधून बसवावं लागे. २९ नोव्हेंबरला स्प्रिंग हिलजवळ उत्तरेचे सेनापती स्कोफिल्ड यांचं सैन्य त्यांच्या कचाट्यात सापडलं होतं. पण हूड झोपले, हुकमांचा घोळ झाला, आणि स्कोफिल्डचं सैन्य त्याच रात्री दक्षिणेच्या शेकोट्यांच्या उजेडात, बोलणी ऐकू यावीत इतक्या जवळून रस्त्यानं निसटून गेलं. सकाळी हूड भडकले. त्या रागात पुढचा दिवस ठरला, असं अनेकजण मानतात. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. नॅशव्हिलच्या तटबंदीत पोचण्याआधी शत्रूला गाठायचं, हा हिशेबही त्यात होता. हिशेब मात्र चुकला.

त्या पहाटे उजाडण्याआधी उत्तरेचे जनरल कॉक्स यांनी कार्टरांचं दार ठोठावलं आणि दिवाणखान्यात ठाणं मांडलं. त्यांच्या शिपायांनी घराच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर खंदक खणले, मातीचा बांध घातला आणि बांधावर ठेवायच्या ओंडक्यांसाठी जिनच्या फळ्या-वासे उपसले. घर सोडायचं की नाही? सोडलं तर लुटलं जाणार, हे मॉस्कोला माहीत होतं. लढाई इथे होणारच नाही, शत्रू समोरून चाल करण्याचा वेडेपणा करणार नाही, अशी सगळ्यांची अटकळ. मेक्सिकोत लढलेला, बंधनात घरी बसलेला हा माणूस दिवसभर आपल्या अंगणात शत्रूची तयारी बघत होता. खंदकापलीकडे आपली जुनी पलटण येणार आणि तीत आपला धाकटा भाऊ असणार, हेही त्याला ठाऊक असणारच.

चारच्या सुमारास दोन मैलांवरच्या विन्स्टेड टेकडीवरून हूडचे सुमारे वीस हजार सैनिक निघाले. उघडं माळरान, निशाणं, वाजंत्री, मावळतीचं ऊन. उत्तरेच्या दोन ब्रिगेडी नको इतक्या पुढे राहिल्या होत्या. त्या पळत सुटल्या आणि दक्षिणेचे शिपाई त्यांच्या पाठोपाठ, त्यांच्यात मिसळूनच खंदकात घुसले. खंदकातल्यांना गोळी झाडावी तर आपलाच मरतो. कार्टरांच्या अंगणात फळी फुटली. मागे राखून ठेवलेल्या कर्नल ऑपडाइक यांच्या ब्रिगेडनं धाव घेतली आणि घराच्या पायऱ्यांवर, हिशेबाच्या खोलीभोवती, कोठीजवळ संगिनी, बंदुकीचे दस्ते, कुदळी, हाताला येईल त्यानं माणसं माणसांना मारू लागली.

तळघरात दोन डझनांच्या आसपास माणसं होती. कार्टरांचं कुटुंब, त्यांच्याकडची काही गुलाम माणसं, आणि रस्त्यापलीकडचे जर्मन सुतार लोट्झ यांचं कुटुंब. लोट्झांचं घर लाकडी होतं. ते टिकणार नाही म्हणून बायका-पोरांना घेऊन ते विटांच्या घराकडे पळत आले होते. (लोट्झांच्या घराच्या फळीवर तोफेच्या गोळ्याचा जळका डाग आजही दिसतो.) मॉस्कोनं खिडक्यांत दोरखंडांची वेटोळी लावून ठेवली होती. खाली काळोख, लहान मुलांचं रडणं. वर आपल्याच घराच्या जमिनीवर अनोळखी बुटांचा दणदणाट. सुमारे पाच तास ते असं बसून होते. वरचा प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीच्या खोलीतला होता. हा जिन्याचा, हा आईच्या खोलीतला.

टॉडची ब्रिगेड जनरल बेट यांच्या डिव्हिजनमध्ये होती आणि ती अंधार पडता पडता डाव्या बाजूनं आली. टॉड तेव्हा साहाय्यक क्वार्टरमास्टर होता. आपल्या जुन्या भाषेत कोठावळा. दाणागोटा, गाड्या, कपडेलत्ते बघणं हे त्याचं काम. हल्ल्यात जायची त्याच्यावर सक्ती नव्हती. तो गेला. करड्या घोड्यावर, तलवार उपसून, घर जवळ आलं असं सोबत्यांना ओरडून सांगत गेला, अशी आख्यायिका आहे. घोड्याचं नाव रोझेन्क्रँट्झ. घरापासून दोनशे यार्डांच्या आत घोडा कोसळला आणि टॉड पुढच्या बाजूला फेकला गेला. अंगावर नऊ जखमा होत्या असं सांगतात. सगळ्यांत वाईट होती ती डाव्या डोळ्याच्या वरची.

मध्यरात्री उत्तरेचं सैन्य नदी ओलांडून नॅशव्हिलकडे निघून गेलं. मैदान दक्षिणेचं राहिलं, पण मैदानात काय राहिलं होतं? दक्षिणेची हानी सहा हजारांवर गेली, उत्तरेची सुमारे तेवीसशे. दक्षिणेचे सहा जनरल गेले, पाच त्याच रात्री आणि सहावा दहा दिवसांनी. पहाटे टॉडच्या ब्रिगेडचा तरुण सेनापती टॉमस बेंटन स्मिथ घराशी आला. मुलगा शेतात पडला आहे, हे त्यानंच कार्टरांना सांगितलं. मग कंदील हातात घेऊन म्हातारे वडील आणि घरातल्या बायका मुडद्यांमधून वाट काढत निघाल्या. टॉड जिवंत होता. त्याला उचलून घरात आणलं, पलटणीचे डॉक्टर डीअरिंग रॉबर्ट्स यांनी डोक्यातली गोळी काढली. २ डिसेंबरला तो ज्या घरात जन्मला त्याच घरात गेला. गावातल्या रेस्ट हेवन कबरस्तानात त्याला पुरलं.

पलटणीचं पुढे काय झालं तेही पाहावं. दोन आठवड्यांनी नॅशव्हिलला हूडची फौज पुरती मोडली. तिला मोडणाऱ्यांत काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या, म्हणजे थोड्याच वर्षांपूर्वी जे कुणाच्या ना कुणाच्या शेतात विकत घेतलेले होते तेच लोक. त्यांतल्या एकट्या १३ व्या पलटणीची दोनशेहून अधिक माणसं एका टेकडीवर कामी आली किंवा जखमी झाली. दुसऱ्या टेकडीवर २० व्या टेनेसीचा कर्नल विल्यम शाय मारला गेला. तोही फ्रँकलिनकडचाच. १९७७ मध्ये चोरांनी त्याची कबर उकरली. बाहेर आलेलं धड पाहून बिल बास या नामांकित न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञानं 'वर्षभरापूर्वीचा मृत्यू' असा अंदाज दिला. लोखंडी बंद शवपेटीनं आणि मसाल्यानं त्याला ११३ वर्षांनी फसवलं होतं. त्या फजितीतूनच प्रेतं कशी कुजतात याचा शास्त्रीय अभ्यास करण्याची जिद्द त्यानं धरली आणि जगातलं पहिलं तसलं केंद्र टेनेसीत उभं राहिलं. आणि टॉडचा ठावठिकाणा सांगणारा तो स्मिथ? नॅशव्हिलला शरण आल्यावर शत्रूच्या एका कर्नलनं त्याच्या डोक्यात तलवारीचे घाव घातले. तो जगला, पण आयुष्याची ४७ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून १९२३ मध्ये मेला.

मॉस्को जगला. भावाला पुरलं, अंगणातली प्रेतं पुरली, चाळण झालेलं घर दुरुस्त केलं. वडील १८७१ मध्ये वारले. १८९६ मध्ये त्यानं ते घर विकलं. त्याच्यावर कुणी पोवाडा रचला नाही. शब्द पाळून घरी बसलेल्या माणसावर कोण रचणार? मला मात्र त्या रात्रीचा सर्वांत धीराचा माणूस तोच वाटतो. तळघराच्या दाराशी उभा राहून त्यानं दोन डझन जीव सांभाळले, आणि कुठल्या बाजूनं जिंकावं अशी प्रार्थना करायची हेही त्याला धड ठरवता आलं नसेल. कारण त्याची बाजू जिंकत होती ती त्याच्या मुलांच्या डोक्यावरून.

गावानं आठवण ठेवली, पण आपल्या सोयीनं ठेवली. ३० नोव्हेंबर १८९९ ला चौकात दक्षिणेच्या शिपायाचा पुतळा बसला. रणभूमीवर घरं, दुकानं उठली. त्या सहा जनरलांपैकी एक, क्लेबर्न, जिथे पडला त्या जागेजवळ पिझ्झाचं दुकान होतं. ते २००५ मध्ये पाडलं आणि त्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी ती जमीन परत विकत घेतली जात आहे. कार्टरांचं घर १९५१ मध्ये राज्यानं घेतलं, आता ते संग्रहालय आहे. आणि २०२१ मध्ये त्याच चौकात, जुन्या पुतळ्याजवळच, उत्तरेच्या गणवेषातल्या एका काळ्या सैनिकाचा पुतळा उभा राहिला. दीडशे वर्षं लागली.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. फ्रँकलिनचं रण थंड होऊन तेव्हा नऊ वर्षंही झाली नव्हती. फुल्यांना या घराची माहिती असायचं कारण नाही. पण त्यांना जे दिसलं ते टॉडची गोष्ट सांगणाऱ्यांना फार उशिरा दिसलं. ते तिघे भाऊ कशासाठी लढत होते, असं विचारलं की गावकरी म्हणत आले, घरासाठी. खरंच आहे. फक्त ते घर कुणाच्या हातांवर उभं होतं, हे त्याच घराच्या कागदांत लिहिलेलं आहे.

१८६० च्या शिरगणतीत गुलामांची यादी वेगळ्या तक्त्यात असे. फाउंटन ब्रांच कार्टर यांच्या नावावर त्यात अठ्ठावीस माणसं आहेत. प्रत्येकाचं वय आहे, बाई की पुरुष ते आहे, रंग आहे. नावाचा रकाना फक्त मालकासाठी होता.